हाताचा आधार न घेता

आमचा पुतण्या रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. दिवसभर तो कामगारांना पडू देत नाही आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला पडू देत नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला त्याने काळी-पिवळी पट्टी चिकटवली आहे. मोरीत रबराची चटई, शेगडीपाशी आग विझवायचं लाल नळकांडं आणि माझ्या नवऱ्याच्या आरामखुर्चीला ‘मागे रेलण्यापूर्वी खात्री करा’ अशी पाटी. लग्न त्याने केलं नाही. त्यातली जोखीम त्याला मान्य झाली नाही, असं आमचे हे म्हणतात. तसा पोरगा लाखात एक. निर्व्यसनी, शब्दाचा पक्का, आईवर अतोनात जीव. पण जीव असा लावतो की समोरच्याचा जीव मेटाकुटीला यावा.

त्याची आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहतात. एका संध्याकाळी तो कारखान्यातून आला तर जाऊबाई जिन्याच्या मध्यावर बसलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, इथून वारा छान लागतो. चारी बाजूंनी भिंती असलेल्या जिन्यात वारा कुठून लागणार? पुतण्या नुसता बघत उभा राहिला. मग जाऊबाई उठल्या, म्हणजे विहिरीतून घागर ओढावी तसं त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरून स्वतःला वर ओढलं. ते त्याने पाहिलं आणि रात्रीच्या जेवणाला निकाल जाहीर केला. आईची खोली खाली, काका-काकूंची वर. जाऊबाईंचा पलंग इतका अवाढव्य की तो जिन्यातून उतरत नाही, त्याचे भाग सुटे करावे लागतात. म्हणून पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी सुताराला बोलावलंय, असंही सांगून टाकलं.

जाऊबाईंचा घास हातातच राहिला.

ती खोली त्यांची नुसती खोली नव्हे. लग्न होऊन आल्या त्या तिथेच, आमचे मोठे दीर गेले तेही तिथूनच. खिडकीतून बसचं आगार दिसतं. कुठली गाडी वेळेवर सुटली आणि कुठल्या चालकाने आज भांडण काढलं, हे जाऊबाईंना आगारप्रमुखाच्या आधी कळतं. पहाटे दार लावून त्या मोकळ्या गळ्याने भजन म्हणतात. वर त्या आणि त्यांचा देव, तिसरं कुणी नाही. त्या मला म्हणाल्या, “खाली आले तर देव येईल गं माझ्याबरोबर. पण त्याचं मन लागेल का?”

आता माझंही ऐका. माझी खोली खालची. एक दार स्वयंपाकघरात, खिडकी गल्लीवर. कोण कुणाकडे गेलं, किती वेळ थांबलं, बाहेर पडताना तोंड हसरं होतं की उतरलेलं, हे मला भाजी निवडता निवडता कळतं. वर गेल्यावर काय दिसणार? माणसांची टाळकी. टाळक्यावरून कुणाच्या घरचं काय समजतं? तेव्हा जाऊबाईंची खोली वाचली तर माझीही वाचणार होती. माझं दुःख त्यांच्याइतकं थोर नव्हतं, पण होतं.

जाऊबाईंनी खूप वाद घातला. पुतण्याने शांतपणे कारखान्यातलं शास्त्र सांगितलं. माणूस पडतो तो अपघात, पण पडल्यावर एकट्याला उठता आलं नाही तर तो धोका, आणि धोका वरच्या मजल्यावर ठेवायचा नसतो. अखेर तह झाला. सुतार येईल त्या रविवारी जाऊबाईंनी पुतण्यासमोर जमिनीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठून दाखवायचं. कठडा नाही, खुर्ची नाही, स्वतःच्या गुडघ्यावरसुद्धा हात नाही. उठल्या तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही.

“रविवार कशाला, उद्याच घे की,” असं म्हणून जाऊबाई ताठ मानेने उठल्या, माझ्या खोलीत आल्या, दार लावलं आणि जमिनीवर बसल्या. मग तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. मी हात दिला.

पूर्वरंग पुरे झाला, आता कथेला लागते.

आमच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या भिंतीवर एक चित्र लागलं होतं. त्यात एक बाई पाठीवर पडून दोन्ही पाय आभाळाकडे करून हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘पिलाटे व्यायाम. पोट, पाठ, तोल. कुठल्याही वयात. जिना मागच्या बाजूला.’ जाऊबाईंनी चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ही पडली आहे की हिला कुणी पाडलंय? मी म्हटलं, काही का असेना, हसते आहे ना. आपण पडल्यावर हसतो का?

पुतण्याला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर आधी तो जागेची तपासणी करून आला असता आणि त्याच्या तपासणीतून आजवर एकही जागा सुटलेली नाही. शिवाय ‘उद्याच घे’ म्हणणाऱ्या बाईने सराव करायचा म्हणजे कबुलीच की. तेव्हा बाहेर पडायला निमित्त शोधलं ते लाँड्रीचंच. दर खेपेला एक कपडा पिशवीत घालायचा, खाली टाकायचा आणि मागच्या जिन्याने वर जायचं. पहिल्यांदा पडदे गेले. मग चादरी, मग पुतण्याचे कोट, मग ह्यांचा एकुलता एक लोकरीचा कोट. तो बिचारा इतक्यांदा धुतला गेला की पूर्वी तपकिरी होता हे आता सांगावं लागतं. पुढे पुढे तर धुऊन आलेलेच कपडे पुन्हा जाऊ लागले. लाँड्रीवाला भला माणूस. पिशवी उघडून बघायचा, आमच्याकडे बघायचा आणि पावती फाडायचा.

वर एकच खोली होती. चार चटया, दोन यंत्रं, एक भिंतभर आरसा. शिकवणारी मुलगी वेतासारखी, पूर्वी नाचायची म्हणे. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. आमच्याखेरीज एक बसचालक यायचे, दार अडेल एवढे दांडगे. वर्षानुवर्षं एकाच बाजूला वळून बसल्याने कंबर धरलेली. जाऊबाईंनी त्यांना बघताच विचारलं की सकाळची पहिली गाडी हल्ली उशिरा का सुटते. त्यांना वाटलं वरिष्ठांनी पाळतीवर माणूस ठेवलाय. पुढचे दोन वर्ग ते आमच्यापासून लांबच्या चटईवर होते.

आता मास्तरणीची भाषा. आवाज लोण्यासारखा, पण मागणं अघोरी. बेंबी आत ओढून पाठीच्या कण्याला टेकवा. खांदे कानांपासून लांब न्या. डोक्याला वरून कुणीतरी दोरीने ओढतंय असं समजा. जाऊबाई मला कुजबुजल्या, मला वरून ओढून घ्यायची इतकी घाई का आहे हिला? कुणाचं काहीही चुकलं तरी ही म्हणायची, “खूप छान.” बसचालकांना चटईवर झोप लागली, घोरू लागले, तरी खूप छान. चौथ्या दिवशी जाऊबाईंनी निदान केलं की हिच्या तोंडी ‘खूप छान’ म्हणजे आपल्याकडचं ‘अरेरे’.

एक प्रकार मात्र त्यांना फार भावला. आडवं पडायचं आणि पाठीचा एकेक मणका सुटा करत उठून बसायचं, मग पुन्हा एकेक मणका टेकवत खाली जायचं. मास्तरीण म्हणाली, जपमाळेचे मणी ओढतो तसं. हे तिने बोलायला नको होतं. जाऊबाई दर मणक्याला देवाचं नाव घेऊ लागल्या, तेही सावकाश, नाव नीट उच्चारलं जाईल असं. बाकीच्यांचं दहादा व्हायचं तेव्हा त्यांचं एकदा व्हायचं आणि चेहऱ्यावर असं समाधान की टोकायची कुणाची हिंमत होऊ नये. मास्तरीण म्हणाली खूप छान, आणि त्या वेळी खरंच म्हणाली.

श्वासाचं तंत्र आम्हाला खालच्या मजल्याने शिकवलं. नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा आणि जोर लावायचा तो सोडताना. आमचं नेमकं उलटं व्हायचं, जोर लावताना आम्ही श्वास कोंडून लाल व्हायचो. पण लाँड्रीतली वाफेची इस्त्री बरोबर आमच्या पायांखाली. ती दाबली की फुस्स आवाज यायचा. मास्तरीण हुशार, ती म्हणाली, इस्त्रीबरोबर सोडा. तेव्हापासून खालचा माणूस पँट दाबायचा आणि वर आम्ही सगळे मिळून पोट दाबायचो. लग्नसराई आली, खाली कपड्यांचे ढीग लागले, आणि वर आमची दमछाक झाली.

यंत्र म्हणजे लांबट खाट. तिच्यावर चाकांवर सरकणारी फळी, फळीला खालून जाड-बारीक स्प्रिंगा. स्प्रिंगा किती लावायच्या ते आपण ठरवायचं. जाऊबाईंनी विचारलं, धाकटी किती लावतेय? मी एकच लावली होती, म्हटलं कमी स्प्रिंगा म्हणजे कमी कष्ट. त्यांनी सगळ्या लावल्या, थोरलीने थोरलंच घ्यावं म्हणून. पहिला प्रकार पायांनी ढकलायचा होता. माझी फळी पाखरासारखी उडत होती आणि जाऊबाईंची फळी हलायचं नाव घेत नव्हती. मी त्यांच्याकडे बघून थोडं हसले. थोडंच. देव बघत असतो. दुसरा प्रकार फळीवर गुडघे टेकून, हात पुढच्या दांड्यावर ठेवून, मागे सरकायचं आणि परत यायचं. माझी फळी मागे जी सुटली ती थांबेच ना. एकच स्प्रिंग, तिला मला परत ओढायला ताकद कुठली? हात पुढे राहिले, गुडघे मागे गेले, मधल्या मध्ये मी झुलत्या पुलासारखी. शेजारी जाऊबाई त्यांच्या सगळ्या स्प्रिंगांच्या जिवावर देवळातल्या खांबासारख्या स्थिर. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “खूप छान.”

असो. रविवार जवळ येत होता आणि जे साधायचं ते काही साधत नव्हतं. मास्तरणीने रीत शिकवली होती. आधी गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे टाकायचं, अंगाचा भार त्या पावलावर न्यायचा आणि श्वास सोडत उभं राहायचं. जाऊबाई अर्ध्यापर्यंत झकास यायच्या. तिथे त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला उठायचा. आणि तो उठला की माझा डावा हात आपोआप पुढे जायचा.

हे आमच्या दोघींच्या अंगात मुरलेलं आहे. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून थोरली बसल्याशिवाय धाकटी बसत नाही आणि थोरली उठली की धाकटीने हात द्यायचा. कुणी शिकवलं नाही, सासूबाईंना बघून लागलेलं वळण. तरुण होत्या तेव्हा जाऊबाईंना हाताची गरजही नव्हती, मान म्हणून घ्यायच्या. मानाचा हात कधी गरजेचा झाला ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मास्तरणीने ते पहिल्या आठवड्यातच हेरलं. ती म्हणाली, “आजी, तुमच्या पायांत ताकद आहे. पण तुमचे पाय तुमच्या जाऊबाईंच्या हाताची वाट बघतात.”

तिने आम्हाला दोन टोकांना बसवलं, मध्ये बसचालक. जाऊबाई तिकडे गुडघ्यावर आल्या, त्यांचा हात उठला, आणि इकडे खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझा हात पुढे गेला. तो बसचालकांनी धरला आणि ते उठले. त्यांनी माझे आभारही मानले. पुढच्या खेपेला मास्तरणीने मला माझ्याच हातांवर बसायला लावलं. तेव्हा जाऊबाई हवेत हात फिरवत राहिल्या आणि पुन्हा खाली बसल्या. त्या दिवशी घरी येताना पिशवीतला कोट त्यांनी स्वतः धरला होता. दाराशी आल्यावर एवढंच म्हणाल्या, खाली आल्यावर पहाटे मी हळू म्हणत जाईन, कुणाची झोप मोडायला नको. ह्या घरात त्यांना हळू बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

त्यातच एकदा पकडले जाता जाता वाचलो. पुतण्याच्या लक्षात आलं की न घातलेले कोट धुऊन येतात. तो थेट लाँड्रीत चौकशीला आला. आम्ही वर पाय आभाळाकडे करून पडलेल्या, आणि खालून त्याचा आवाज. कोटांचं राहिलं बाजूला, त्याला वाफेच्या नळीचा सांधा दिसला. हा सांधा असा ठेवता येणार नाही, इस्त्री आत्ताच्या आत्ता बंद करा. इस्त्री बंद झाली. वर आम्हाला श्वास केव्हा सोडावा ते कळेना, सगळे पोटात वारा भरून तसेच. मग त्याने विचारलं, वर काय आहे? आणि मागच्या जिन्याकडे येणारे त्याचे बूट ऐकू आले. जाऊबाईंनी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. बूट पहिल्या पायरीपाशी थांबले. जिन्याला कठडा नाही, असं तो म्हणाला, आणि कठडा नसलेल्या जिन्यावर मी पाय ठेवत नाही. तो परत फिरला. त्याच जिन्याने त्याची आई आठवड्यातून तीनदा वरखाली करत होती, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात एकदम आलं. बसचालक इतके हसले की त्यांची कंबर सुटली.

रविवार उजाडला. सुतार हत्यारांची पिशवी घेऊन आला, त्याला खुर्ची दिली, चहा दिला. पुतण्याने बैठकीतलं मेज भिंतीला लावलं आणि जमिनीवर पट्टीने एक चौकोन आखला. चौकोनाच्या आत जाऊबाई, बाहेर आम्ही सगळे. आमचे हे वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसले होते.

जाऊबाई बसल्या. काय बसल्या. एक पाऊल मागे, गुडघा टेकला, दुसरा टेकला, अंग अलगद बाजूला कलतं झालं, आणि बाई जमिनीवर. कुठे हात नाही, हाय नाही, हुय नाही. पुतण्याने भुवया उंचावल्या. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“काकू, तू कशाला बसलीस?”

मी पाहिलं तर मी पण चौकोनाच्या कडेला बसलेली. म्हटलं, त्या बसल्या म्हणून. सुतार म्हणाला, आमच्याकडेही असंच आहे.

मी हात मांडीखाली घेणार होते. देवाशपथ घेणार होते. पण तेवढ्यात जाऊबाई गुडघ्यांवर आल्या, पाऊल पुढे टाकलं, भार त्यावर नेला, फुस्स केलं, आणि त्या उठू लागल्या. त्या उठू लागल्या म्हणून मीही उठू लागले. त्यांचा उजवा हात बाजूला आला आणि माझा डावा हात पुढे गेला. हाताला हात लागला तेव्हा मला कळलं आपण काय केलं. पण तोवर आम्ही दोघी हातात हात घालून उभ्या होतो.

पुतण्याचाच चेहरा पडला. त्याला जिंकायचं नव्हतं हो, त्याला आई सुखरूप हवी होती. तो हळू आवाजात म्हणाला, “आई, आधार घेतलास.” सुताराने कप खाली ठेवून पिशवी उचलली. जाऊबाईंनी जिन्याकडे पाहिलं. वरच्या खोलीचं दार तिथून दिसत नाही, तरी पाहिलं. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. एवढा महिना घाम गाळला आणि शेवटी माझ्याच हाताने घात केला.

तेवढ्यात जाऊबाईंनी मान वळवली. तो चेहरा मी ओळखते. वाण्याने वजनात मारलं की होतो तो.

“घेतला नाही,” त्या म्हणाल्या. “दिला. मी उभी राहिले होते. ही अर्ध्यात अडकली होती, तिला ओढून वर घेतली.”

पुतण्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याने मला नेमक्या जागी धरलं. “काकू, तू देवाला स्मरून सांग. कोणी कोणाला उठवलं?”

त्याला ठाऊक आहे, देवाचं नाव मध्ये आलं की मला खोटं बोलता येत नाही. इतर वेळी येतं, पण तेव्हा नाही. मी डोळे मिटले आणि हात आठवला. इतक्या वर्षांत जाऊबाई उठताना माझ्या तळव्यात काय यायचं? भरलेल्या बादलीचं ओझं यायचं, खांदा उतरायचा. आज काय आलं होतं? काहीच नाही. नुसती बोटं. उलट माझाच खांदा वर ओढला गेला होता, आणि मी त्यांच्या मागून, त्यांच्या जिवावर उभी राहिले होते. हात मध्ये आला होता खरा, पण पाय त्याच्यासाठी थांबले नव्हते.

“देवाला स्मरून सांगते,” मी म्हटलं, “वजन माझं होतं.”

सगळ्यांत जास्त धक्का जाऊबाईंना बसला. त्यांनी आपली लोणकढी ठोकून दिली होती आणि ती खरी निघाली. त्या आपल्या पायांकडे बघू लागल्या, जणू कुणी दुसऱ्याचे आणून लावलेत.

पण पुतण्या सुरक्षा अधिकारी. एक धोका मिटला की त्याला दुसरा दिसतो. तो म्हणाला, म्हणजे उठता येत नाही ते काकूला. आणि जिला उठता येत नाही तिला मी वरच्या मजल्यावर पाठवायला निघालो होतो. त्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, खात्री करायला हवी. काकू, चौकोनात ये. बस. आता एकटी उठ.

आता खरं सांगायचं तर मला उठता येतं. मास्तरणीने मला दोनदा खूप छान म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा मनापासून. मी चौकोनात बसले. पुतण्याच्या पाठीमागे जाऊबाई उभ्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही, नुसतं छताकडे पाहिलं, अगदी निष्पाप चेहऱ्याने. मी मनात देवाशी बोलून घेतलं. देवा, तुझं नाव घेऊन खोटं बोलू नये हे मला मान्य आहे. पण उठलंच पाहिजे असं तू कुठे सांगितलंस?

मग मी जे केलं त्याला तोड नाही. गुडघ्यांवर आले आणि कळ आल्यासारखी थबकले. पाऊल पुढे टाकलं ते चुकीचं टाकलं. हवेत हात फिरवला, एका अंगावर कलले, उताण्या पडलेल्या कासवासारखे पाय हलवले, आणि “अगं आई गं” असं म्हणत पुन्हा फतकल मारली. कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं. आमच्या ह्यांनी त्याच दिवशी सकाळी मला स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढताना पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग जाऊबाईंकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला इतका आवडला नव्हता.

सुतार म्हणाला, माझ्या सासूचं याहून वाईट आहे.

निकाल लागला. पलंग जागच्या जागी राहणार. काका-काकू खालीच, काकूंनी जिन्याला शिवायचंसुद्धा नाही. आला आहे तर सुताराने आमच्या खोलीत भिंतीला धरायचा दांडा बसवून जावं. सुतार माप घ्यायला आत गेला. जाऊबाई जिना चढू लागल्या आणि मधल्या पायरीवर थांबल्या, या वेळी उभ्याने, हात कठड्यापासून चांगला लांब. तिथून त्या माझ्याकडे बघत होत्या आणि तोंडावर हात दाबून हसू आवरत होत्या. खांदे मात्र हलत होते.

राहता राहिले मी, जमिनीवर. पुतण्याने काकांना बोलावलं आणि कारखान्यात जड पिंप उचलतात त्याची रीत समजावून दिली. पाठ सरळ ठेवायची, गुडघ्यात वाकायचं, ओझं अंगाजवळ धरायचं, झटका द्यायचा नाही. दोघांनी मला दोन बाजूंनी काखेत धरलं. हे माझ्या कानाशी पुटपुटले की जरा तरी मदत कर. पुतण्या मोजू लागला. एक, दोन. आणि मी अंग सैल सोडलं, देवाचं नाव घेतलं, आणि होतं नव्हतं तेवढं सगळं वजन त्या दोघांच्या हवाली केलं.